मर वाढली तेव्हा आम्ही कळवलं

बर्ड फ्लूचा संशय असताना पोल्ट्रीवाल्यानं तो दडवला, तर कायद्यानं त्याला होणारा दंड आहे १,००० रुपयांपर्यंत. दंड भरला नाही तर महिनाभरापर्यंत कैद. पुन्हा तेच केलं तर २,००० रुपये. प्राण्यांमधल्या संक्रामक आणि सांसर्गिक रोगांना आळा घालण्यासाठी केंद्रानं २००९ साली केलेल्या अधिनियमात हे लिहिलेलं आहे. २०२१ च्या जानेवारीत आमच्या शेडमध्ये साडेचार हजार लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, होत्या. एकेक तलंग, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोंबडी, आम्ही अडीचशेच्या पुढं दर देऊन आणली होती. म्हणजे एका बाजूला अकरा लाखांच्या पुढचा माल आणि दुसऱ्या बाजूला हजार रुपयांचा दंड. तरीही आम्ही कळवलं. कळवल्यावर पुढं काय काय होतं ते मी इथं लिहिते आहे, कारण पोल्ट्रीवाले एकमेकांना हे फोनवर दबक्या आवाजात विचारतात आणि सगळं सांगणारं कुणी भेटत नाही.

आमचं गाव मराठवाड्यातलं. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात आठ-नऊशे कोंबड्या मेल्या, भोपाळहून बर्ड फ्लूचा अहवाल आला आणि तिथले एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचं ठरलं, ही बातमी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या शेडच्या मागच्या टोकाला मर वाढली. साडेचार हजारांत रोज दोन-तीन पक्षी जातातच, त्याला कुणी मर म्हणत नाही. त्या सकाळी एकाच ओळीतल्या लागून असलेल्या पिंजऱ्यांत वीस-बावीस मेलेल्या होत्या. फीडच्या पन्हळीत आदल्या संध्याकाळचं खाद्य तसंच पडलेलं. जिवंत होत्या त्यातल्या काही मान टाकून बसलेल्या, तुरा निळसर-काळा, आणि काही अंडी अशी मऊ की हातात धरली की चेपायची. मिस्टर म्हणाले, मानमोडी असेल. पण मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस वेळेवर झालेली होती. दुसऱ्या दिवशी आकडा साठाच्या पुढं गेला.

त्याच दुपारी व्यापाऱ्याचा फोन आला. मर वाढली की गावात कुणी ना कुणी बोलतंच, आणि व्यापाऱ्याच्या कानावर ते डॉक्टरांच्या आधी जातं. तो म्हणाला, “ताई, आज रात्री गाडी लावतो. भाव पडेल, पण रोख देतो. चांगले पक्षी तेवढे उचलतो, सकाळपर्यंत तुमचं शेड रिकामं.” गाडी कुठं जाणार होती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या बाजारात, जिथं जिवंत कोंबडी डोळ्यांसमोर कापून देतात. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. तो जे देत होता ते त्या क्षणी सरकार देत होतं त्यापेक्षा जास्त होतं आणि लगेच होतं. रोग पसरतो तो असा, रात्री बाराच्या गाडीत बसून. त्या गाडीला थांबवण्यासाठी कायद्यानं माझ्यासमोर हजार रुपयांचा दंड ठेवला होता.

माझा मामेभाऊ तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याला फोन केला. त्यानं अधिनियमातलं चौथं कलम वाचून दाखवलं. अनुसूचीतल्या रोगाची शंका आली की मालकानं, आणि नुसत्या मालकानं नाही, ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्या कुणीही, गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवलंच पाहिजे. तिथून ते लेखी पशुवैद्यकाकडं जायला हवं. पाचवं कलम म्हणतं की आजारी जनावर बाकीच्यांपासून वेगळं ठेव. मेलेलं जनावर नदी-नाल्यात टाकलं तर त्याला वेगळं कलम, २,००० रुपये दंड. मग तो म्हणाला, “ताई, कायद्याच्या भीतीनं कळवायचं म्हणशील तर भीती एवढीच आहे. बाकीचं तुझं तू ठरव.”

आम्ही ठरवलं ते शेडशेजारच्या खोलीकडं बघून. तिथं दोन कामगार जोडपी राहतात. त्यातली एक बाई सात महिन्यांची गरोदर होती आणि अंडी गोळा करायचं काम तिचंच होतं. दुसऱ्या जोडप्याचा मुलगा दिवसभर त्या अंगणात खेळायचा. बर्ड फ्लू माणसाला सहज होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. ज्यांना होतो ते बहुतेक आजारी पक्ष्यांना हाताळणारे असतात, आणि ज्याला होतो त्याचं वाचणं अवघड असतं, हेही माहीत होतं. त्या बाईला मी त्याच दुपारी शेडमध्ये जायचं बंद केलं आणि अर्ज लिहायला बसले.

मामेभावानं एक गोष्ट बजावली होती: तोंडी सांगू नकोस. अर्जावर तारीख, वेळ, त्या क्षणी जिवंत असलेल्या पक्ष्यांची संख्या, मेलेल्यांची संख्या, आणि पोच. मी दोन प्रती काढल्या. एक ग्रामपंचायतीत, एक पशुवैद्यकीय दवाखान्यात, आणि दोन्हीकडून शिक्का मारून घेतला. ग्रामपंचायतीतल्या माणसानं शिक्का मारायला आढेवेढे घेतले. “वहिनी, तुम्ही हे कागदावर आणलं की सगळ्या गावाला लागतंय,” तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं निघालं, पण शिक्का त्याला मारावा लागला.

डॉक्टर तासाभरात आले आणि फाटकाबाहेरच थांबले. आधी अंगावर किट चढवलं. कोरोनानं एक केलं होतं, गावात पीपीई किट काय असतं हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी आजारी पक्ष्यांच्या घशातले आणि मागच्या बाजूचे नमुने घेतले, ताजे मेलेले काही पक्षी पिशवीत, पिशवीवर पिशवी, बर्फाच्या पेटीत. पेटी आधी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळला. भोपाळला राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. बर्ड फ्लू आहे की नाही, याचा शेवटचा शब्द तिचा. जाताना डॉक्टर म्हणाले, “आजपासून इथून काही बाहेर जायचं नाही आणि आत यायचं नाही. अंडं नाही, फीडचं पोतं नाही, ट्रे नाही, लिदीची पाटी नाही.” दुसऱ्या दिवशी तेच कागदावर आलं.

त्यानंतरचे दिवस हा या सगळ्या प्रक्रियेतला सगळ्यात अवघड भाग. त्याबद्दल बातम्यांत काहीच येत नाही. बातमी सुरू होते अहवाल आल्यावर. आमच्याकडं अंड्यांचे ट्रे पडवीत छताला लागले. फीड संपत होतं आणि नवीन गाडी येऊ शकत नव्हती. आणि मर रोज वाढत होती. मी डॉक्टरांना विचारलं, “साहेब, या ज्या मरतायत त्यांचं काय?” ते क्षणभर गप्प राहिले आणि सरळ म्हणाले, “ताई, भरपाई मारलेल्या पक्ष्याची मिळते. मेलेल्या पक्ष्याची नाही.”

त्या वेळचे दर असे होते: आठ आठवड्यांपुढची लेअर ९० रुपये, त्याआतलं पिल्लू २० रुपये; सहा आठवड्यांपुढचा ब्रॉयलर ७० रुपये, त्याआतला २० रुपये; अंडं ३ रुपये; खाद्य किलोला १२ रुपये. हे दर पाठ झालेत, कारण त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी मेलेले पक्षी मोजायची आणि तेवढे नव्वद कमी करायची. अहवाल एक दिवस उशिरा आला की माझे इतके हजार गेले. नमुना माझ्या हातात नव्हता, पेटी माझ्या हातात नव्हती, प्रयोगशाळेचा क्रम माझ्या हातात नव्हता. मी माझं कायद्यातलं कर्तव्य पहिल्या दुसऱ्या दिवशी पार पाडलं होतं, पोच माझ्याकडं होती, आणि तिथून पुढच्या प्रत्येक तासाचा खर्च माझ्या खिशातून जात होता. मारण्याचा आदेश आला तेव्हा जिवंत होते सत्तावीसशे पक्षी. अठराशे मेले होते. अठराशे गुणिले नव्वद, म्हणजे १,६२,००० रुपये. त्यातले अर्ज देण्याआधीचे शंभराच्या आतले.

माझं जे काही म्हणणं आहे ते याच आकड्याभोवती आहे. भरपाईसाठी पक्ष्यांची मोजणी कळवल्याच्या दिवशी व्हायला हवी, मारण्याच्या दिवशी नाही. कळवल्याच्या दिवशी शासनाचा माणूस येऊन जिवंत पक्षी मोजतो, पंचनामा करतो, आणि त्यानंतर जो पक्षी मरेल तोही आदेशानं मारला असं धरलं जातं, एवढा एक बदल झाला तर रात्रीच्या गाडीला माल मिळणार नाही. आज उलटं आहे. जो लवकर कळवतो तो नमुन्याच्या वाटेवर पक्षी घालवत बसतो, आणि जो विकून मोकळा होतो त्याच्या हातात रोख असते.

अहवाल एच५एन१ चा, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूचा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश निघाला. एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र, तिथले सगळे पाळीव पक्षी मारायचे. त्यापुढं दहा किलोमीटरपर्यंत निगराणी, तिथली विक्री, वाहतूक, आठवडी बाजारातला कोंबडीबाजार बंद. डॉक्टरांनी मोबाइलवर नकाशा उघडून आमच्या शेडपासून गोल काढून दाखवला. निम्मं गाव गोलाच्या आत. ते डॉक्टर २००६ साली नवापूरला पथकात होते. देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात सापडला, तेव्हा मारायचा घेर तीन किलोमीटरचा होता, ते म्हणाले. तेव्हाच्या मानानं आता कमी पक्षी मरतात. हे ऐकून मला त्या वेळी काही बरं वाटलं नाही. आता वाटतं.

गोलाच्या आत आमच्या भावकीतल्या एकाचं ब्रॉयलरचं शेड होतं. पक्षी ठणठणीत, पाच आठवड्यांचे, चार-सहा दिवसांत उचल होणार होती. त्याची पोल्ट्री करारावरची. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड, वीज, पाणी आणि कष्ट त्याचे, आणि त्याबद्दल किलोमागं वाढणावळ. कागदावर पक्ष्यांचा मालक तो नव्हताच. पंचनाम्यात पक्षी, अंडी, खाद्य असे रकाने होते. वाढणावळीला रकाना नव्हता. पाच आठवडे रात्री उठून बल्ब आणि पडदे सांभाळलेल्या माणसाच्या नावापुढं लिहायला काही नव्हतं. तो माझ्याशी बरेच महिने बोलला नाही. त्याचा राग माझ्यावर निघाला, पण खरा दोष त्या रकान्याचा होता. करारावर पक्षी वाढवणारे महाराष्ट्रात आता गावोगाव आहेत. रोगाची पहिली लक्षणं त्यांनाच दिसतात. भरपाईत त्यांचा वाटा कायद्यानं ठरवून दिला नाही तर ते का कळवतील?

मारण्याच्या दिवशी शीघ्र कृती दलाची माणसं सकाळी आली. आरोग्य केंद्राची माणसं त्यांच्यासोबत. दलातल्या प्रत्येकाला आधीच ऑसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध सुरू केलेलं, ताप मोजून वहीत नोंद. आमच्या कामगारांचीही नावं लिहून घेतली, घशाचे नमुने घेतले, आणि पुढं दहा दिवस आशाताई रोज येऊन ताप, खोकला विचारून जायच्या. एकाच अंगणात दोन कायदे उभे होते. पक्ष्यांसाठी २००९ चा आणि माणसांसाठी १८९७ चा साथरोगांचा, मुंबईच्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईनं केलेला. त्या कायद्याखाली १८९७ साली पुण्यात घरोघर झडत्या झाल्या आणि त्याचं काय झालं हे मराठी माणसाला सांगायला नको. मला ते आठवलं कारण आता आमच्याही गावात घरोघर जायचं होतं.

शेडमधले पक्षी मारणं सोपं म्हणणार नाही, पण ते एका ठिकाणी होतं. परसातल्या गावरान कोंबड्या मारणं जास्त जड. आमच्या सासूबाईंच्या अकरा होत्या, त्यांनी स्वतः खुराड्याचं दार उघडून दिलं आणि देवघरात जाऊन बसल्या. पुढच्या आळीतल्या एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या घरी पथक गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्याकडं काही नाही. अंगणात पिसं होती, पण कोंबडी नव्हती. पथकातल्या एका पोरानं घरात शिरायला पाऊल उचललं. अधिनियमानं आत जाऊन बघायचा अधिकार दिलेला आहे, ते चुकीचं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला हातानं थांबवलं आणि किट घातलेल्या अवस्थेतच ओसरीच्या पायरीवर खाली बसले.

“आजी, खुडूक बसलीय का?” त्यांनी विचारलं.

आजी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आज धरून पंधरा दिवस झाले. अजून पाच-सहा दिवसांत फुटतील.”

“किती घातलीत?”

“अकरा.”

डॉक्टर म्हणाले, “आजी, तुमची कोंबडी आजारी नाही, मला माहीत आहे. पण ती राहिली आणि तिला झालं तर आधी तुमच्या हाताला लागेल. तुम्ही तिला उचलता, तिच्याखालचं अंडं कानाला लावता. म्हणून मागतोय.” बराच वेळ गेला. मग आजी उठल्या, चुलीमागं पोत्याखाली झाकलेलं डालगं त्यांनी स्वतः बाहेर आणलं. डॉक्टरांनी पंचनाम्यात लिहिलं: कोंबडी १, अंडी ११. वाचून दाखवलं. आजींनी अंगठा उठवला. पथकातल्या त्या पोराला कुठलीही जबरदस्ती करावी लागली नाही. आमच्या गावात एकाही घरात झडती झाली नाही, आणि तरीही गोलातला एकही पक्षी राहिला नाही. हे त्या डॉक्टरांचं काम. कायद्याच्या पुस्तकात अधिकार असतो, तो वापरायची वेळ न येऊ देणं हे माणसाकडं असतं.

खड्ड्याची जागा आम्ही विहिरीच्या वरच्या बाजूला धरली होती, कारण तिथं जेसीबी सहज जात होता. डॉक्टरांनी ती नाकारली, पाणी झिरपेल म्हणून. खालच्या पडीक तुकड्यात खड्डे घेतले. दोन मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल, अशा खड्ड्यात साधारण अठराशे पक्षी मावतात असा हिशेब असतो. पक्ष्यांवर चुना, त्यावर माती, पुन्हा चुना. अंडीही तिथंच, ट्रेसकट. खाद्याची पोती वजन करून मग पुरली. सूर्य मावळेपर्यंत शेड रिकामं झालं. त्यानंतर लिद काढणं, जाळणं-पुरणं, भिंती आणि पिंजरे सोडियम हायपोक्लोराइटनं धुणं, चुना फासणं, फॉर्मलिनची धुरी, पडदे लावून शेड बंद. हे बराच काळ चाललं आणि त्याचा मजुरीखर्च आमचा.

मग कागद. पंचनाम्याची प्रत, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, ग्रामपंचायतीचा दाखला. सत्तावीसशे पक्ष्यांचे २,४३,०००, अकरा हजारांच्या आसपास अंड्यांचे ३३,०००, दोन टन खाद्याचे २४,०००. सगळे मिळून ३,००,००० रुपये. अंडं आम्हाला तीन रुपयांत पडत नाही आणि खाद्य बारा रुपये किलोनं कुठं मिळत नाही, पण आकडा निदान स्पष्ट होता. पैसे यायला मात्र पावसाळा लागला. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे, आणि दोन्हीकडचे कागद एकमेकांची वाट बघतात. त्या काळात बँकेचा हप्ता थांबला नाही. विमा होता, पण आमच्या पॉलिसीत सरकारी आदेशानं मारलेला पक्षी बसत नव्हता. गावातल्या परसकोंबड्यांचे पैसे आमच्याआधी आले, ही गोष्ट मला मनापासून बरी वाटली. आजींना त्या कोंबडीचे आणि अकरा अंड्यांचे पैसे मिळाले त्या दिवशी गावातलं आमच्याबद्दलचं बोलणं जरा निवळलं.

मामेभावानं आणि मी नंतर तो अधिनियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. कळवायचं कर्तव्य आहे, वेगळं ठेवायचं कर्तव्य आहे, क्षेत्र जाहीर करायचा अधिकार आहे, वाहतूक थांबवायचा, आत यायचा, जनावर मारायचा लेखी आदेश द्यायचा अधिकार आहे, दंड आहे. भरपाईचं कलम नाही. पैसे येतात ते केंद्र-राज्याच्या पशुरोग नियंत्रणाच्या योजनेतून. योजना म्हणजे दर बदलता येतात, निधी असेल तर मिळतो, उशीर झाला तर व्याज मागता येत नाही. पक्षी घेण्याचा अधिकार कायद्यात आणि पैसे देणं योजनेत, ही रचना मला मान्य नाही. आमचे पक्षी काही आमच्या फायद्यासाठी मारले नाहीत. ते मारले म्हणून पुढचं गाव वाचलं, पुढच्या गावातली अंडी उचलणारी बाई वाचली. सगळ्यांचं रक्षण होत असेल तर त्याची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायची, आणि ती हक्क म्हणून द्यायची.

कुणाला हे पोल्ट्रीवाल्याचं रडगाणं वाटेल. त्याच वर्षी जुलैत हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१ नं गेला, देशातला माणसाचा पहिला नोंदलेला मृत्यू. ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या अंगणात खेळणारं पोर आठवलं. २०२५ च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाड्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनं मेल्याचं समोर आलं. त्याच महिन्यात उदगीरला कावळे मरून पडले, उरणच्या चिरनेरला कोंबड्या मारल्या गेल्या. हा विषाणू पक्ष्यांपुरता थांबलेला नाही. तो कुठं पोहोचलाय हे सरकारला सगळ्यात आधी कोण सांगणार? शेडमध्ये पहाटे पन्हळ बघणारा माणूसच. तो गप्प बसला तर भोपाळची प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्यापर्यंत पेटीच जाणार नाही.

पक्षी परत भरायला परवानगी सहज मिळत नाही आणि ते योग्यच आहे. शेड निर्जंतुक झाल्याचं प्रमाणपत्र, त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आजूबाजूच्या भागातले नमुने, ते सगळे निगेटिव्ह, मग क्षेत्र मोकळं झाल्याचा आदेश. त्या रिकाम्या काळात आम्ही शेड बदललं. आता एकच फाटक. फाटकात पाय बुडवायची कुंडी आणि आत घालायच्या वेगळ्या चपला. व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावरच थांबते, माल आमच्या हातगाड्यावर तिथवर जातो. डॉक्टरांचा संशय बाजारातून परत येणाऱ्या पुठ्ठ्याच्या ट्रेंवर होता, म्हणून आता प्लॅस्टिकचे ट्रे, धुऊन, उन्हात वाळवून. कावळे-चिमण्या आत येऊ नयेत म्हणून जाळी. कामगारांनी घरी कोंबडी पाळायची नाही, त्याबदल्यात आठवड्याला अंडी आमच्याकडून. ती बाई बाळंत झाली, मुलगी झाली, ती पुन्हा कामावर आली तेव्हा तिला आधी या नव्या चपला दाखवल्या. पक्षी नसलेल्या महिन्यांत त्या दोन्ही जोडप्यांना आम्ही निम्मा पगार देऊ शकलो. तेही कुठल्या रकान्यात नव्हतं.

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला. त्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पोल्ट्रीवाल्याचा मला फोन आला. नंबर कुणी दिला माहीत नाही. “ताई, कालपासून मर चाळीसवर गेलीय. तुमचं झालं होतं म्हणून विचारतो.” त्याच्याकडंही व्यापारी येऊन गेला होता. मी त्याला धीर वगैरे दिला नाही, दर सांगितले. पक्षी नव्वद, अंडं तीन, खाद्य बारा, मेलेल्याचं काही नाही, पैसे यायला महिने लागतील. मग सांगितलं: आत्ता, फोन ठेवल्याबरोबर, शेडचा व्हिडिओ काढा, तारीख-वेळ दिसेल असा. जिवंत पक्षी मोजा. आकडा अर्जात घाला. दोन ठिकाणी द्या, दोन्हीकडून पोच घ्या. डॉक्टर आले की पहिली विनंती ही करा की आजच्या जिवंत पक्ष्यांचा आकडा तुमच्या कागदावर लिहा. लिहितीलच असं नाही, पण तुम्ही मागितल्याची नोंद राहू द्या. अंडी गोळा करणाऱ्या बायकांना आजच आत जाऊ देऊ नका.

त्यानं सगळं लिहून घेतलं. लिहिताना पुन्हा विचारलं, “मेलेल्याचं खरंच काही नाही?” मी म्हटलं, अजून तरी नाही, म्हणून तर आकडा लिहून घ्या म्हणते आहे. त्यानं त्याच संध्याकाळी अर्ज दिला आणि पोचेचा फोटो मला पाठवला. त्याचा अहवाल मानमोडीचा आला. पशुसंवर्धन खात्याला मी जे निवेदन दिलंय, भरपाईची मोजणी कळवल्याच्या तारखेपासून धरावी आणि करारावर पक्षी वाढवणाऱ्याला त्याचा वाटा ठरवून मिळावा असं, त्यावर आता त्याचीही सही आहे आणि आमच्या भावकीतल्या त्या ब्रॉयलरवाल्याचीही.